दुरुस्तीसाठी परत

गुणवत्ता म्हणजे काय, हे मला शिकवायला कोणी येऊ नये. एकतीस वर्षं मी कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होतो. दिवसाला चारशे कुलपं या दोन हातांखालून जायची. चावी घालायची, फिरवायची, कान द्यायचा. एकच खणखणीत ‘खट्’ आला की हिरवा बिल्ला. खट् म्हणता म्हणता अडखळलं की पिवळा. आणि नुसताच खुळखुळाट झाला की लाल. हिरव्यावर छापलेलं असे ‘उत्तीर्ण’, पिवळ्यावर ‘पुन्हा तपासा’ आणि लालवर ‘दुरुस्तीसाठी परत’. मी उत्तीर्ण केलेलं कुलूप चावीशिवाय उघडलं, अशी तक्रार एकतीस वर्षांत आली नाही. एकसुद्धा!

निवृत्त झालो त्या दिवशी कारखान्याने मला आठवण म्हणून एक कुलूप दिलं. चांगलं मुठीएवढं. शिवाय उरलेल्या बिल्ल्यांचे तीन गठ्ठे मी मागून घेतले. म्हटलं, असू देत, उपयोगी पडतील. पहिल्या आठवड्यात मी हिच्या चहाच्या कपाला पिवळा बिल्ला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने माझ्यासमोर दूध, साखर, चहाची पूड आणि रिकामं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, “घ्या, पुन्हा तपासा.”

तेव्हापासून मी घराबाहेर गुणवत्तेसाठी जागा शोधत होतो. ती मला आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत सापडली.

शाळा म्हणजे एक मोठी खोली, तिच्या मागे अडगळीची एक छोटी खोली, पहिली ते चौथीची मिळून तेवीस मुलं आणि त्या सगळ्यांना मिळून एक बाई. माझी नात तिथे तिसरीत आहे. शाळेच्या समितीची बैठक होती, चिरंजीवांना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी मला पाठवलं. बैठकीला बाई आणि मी असे दोघंच होतो. त्यामुळे माझी निवड एकमताने झाली.

आता मुद्दा असा होता, की वरून पत्र आलं होतं. पंचवीसपेक्षा कमी मुलांच्या शाळा चालू ठेवायच्या, की बंद करून मुलांना बसने अकरा किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत न्यायचं, हे ठरवायला एक साहेब गुरुवारी येणार होते. येतील तेव्हा समितीने शाळेच्या गुणवत्तेचा अहवाल त्यांच्या हातात द्यायचा. समिती म्हणजे मी. अहवाल म्हणजे माझा हातखंडा!

मी रात्री जागून चौसष्ट रकान्यांचा तक्ता आखला आणि सोमवारी नऊ वाजता, फिरणं आटोपून, घड्याळ घेऊन वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी मला पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं आलात आजोबा. एवढे खडू मोजून देता का? मला मेलीला मेळच लागत नाही.”

आता खडू मोजणं हे काही माझं काम नव्हे. पण गरजू माणसाला नाही कसं म्हणणार? मोजले. एकशे सत्याऐंशी. त्यांतले नऊ तुटके. बाईंनी आकडा इतक्या आदराने लिहून घेतला, की कारखान्यात आमच्या मॅनेजरने कधी घेतला नव्हता. मंगळवारी त्यांनी वाचनालयाची पुस्तकं मोजायला दिली. मला वाटलं, बाई तशा साध्या, पण माणसाची पारख आहे.

म्हणून काही मी ढिला पडलो नाही. चाळीस मिनिटांचा गणिताचा तास मी घड्याळ लावून मोजला. त्यात गणित किती झालं? चौदा मिनिटं! बाकीचा हिशेब असा: बुटांच्या नाड्या बांधणे, अकरा. नाकं पुसणे, चार. एकाचा दुखरा दात पाहणे, दोन मिनिटं. एक मुलगा उगाच रडायला लागला, त्याच्याशेजारी काहीही न करता नुसतं बसणे, पाच मिनिटं. आणि सगळ्यात गंभीर बाब: बरोबर दहा वाजता बाई वर्ग सोडून मागच्या अडगळीच्या खोलीत गेल्या आणि चार मिनिटांनी बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मी रकान्यात लिहिलं, “शिक्षिका विनाकारण मागील खोलीत.”

बेरीज केली. शंभरपैकी एक्केचाळीस. शेरा: असमाधानकारक.

संध्याकाळी नातीने तो कागद वाचला. मोठ्यांदा, न अडखळता, ‘असमाधानकारक’सकट.

“आजोबा, म्हणजे आता मला बसने जावं लागणार?”

“छे गं. हे वाचून बाई सुधारतील.”

“पण हे बाई वाचणारच नाहीत. साहेब वाचणार.” तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला. “मला बस लागते, आजोबा. उलटी होते.”

आतून ही म्हणाली, “एकतीस वर्षं लोखंडाशी बोललात, त्याचं हे.”

मी तडकलो. पण खरं सांगतो, झोप लागली नाही. शाळा बंद व्हावी असं मला कधीच वाटत नव्हतं. मला फक्त ती नीट चालायला हवी होती. पहाटे मला उपाय सुचला. बुधवारी बाईंना तालुक्याला प्रशिक्षणाला जायचं होतं आणि त्यांच्या जागी येणारे गुरुजी आजारी होते. तो दिवस मी चालवून दाखवणार! अहवालात एका बाजूला एक्केचाळीस, दुसऱ्या बाजूला माझ्या पद्धतीने नव्वद. साहेब खूश, शाळा चालू, बाईंना नवी दिशा. एका चावीत तिन्ही कुलपं.

बुधवारी सकाळी सातला मी ‘आज मुलं मी सांभाळतो’ म्हणत गेलो, तेव्हा बाई बस पकडायच्या गडबडीत होत्या. त्यांनी शाळेची चावी माझ्या हातात ठेवली आणि टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं.

“माझी एक निळी वही आहे त्यात. कुठे अडलं तर उघडा. आणि आजोबा, तेवढं मागच्या खोलीत...”

“बाई, एकतीस वर्षांत माझं काही अडलेलं नाही,” मी म्हणालो. “बस चुकेल तुमची.”

बस खरंच आली होती. बाई धावत गेल्या.

मी दाराशी खुर्ची मांडली. येईल त्या मुलाला थांबवायचं, एक पाढा विचारायचा, नखं पाहायची, गळ्यात बिल्ला घालायचा. साडेआठपर्यंत तेवीसच्या तेवीस नग तपासून झाले. सहा हिरवे, बारा पिवळे, पाच लाल. नातीला मी पिवळा दिला. सातचा पाढा म्हणताना तिने एकदा खिडकीबाहेर पाहिलं होतं. सगळ्यात आधी आली होती ती पहिलीतली बेकरीवाल्याची पोर. दोन दुणे किती विचारल्यावर तिने तोंडभर जांभई दिली, म्हणून तिलाही पिवळा. नंतर ती कुठे बसली ते मी पाहिलं नाही. मागे रांग होती.

वर्ग सुरू केला आणि पाहतो तर काय, दोन-तीन मुलं सारखी त्या मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन डोकावत होती. म्हणजे बाईंची सवय मुलांनाही लागली होती! गळती असेल तिथे आधी बूच मारायचं, हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. मी दार ढकलून आत पाहिलं. अंधार, गुंडाळलेल्या चटया, जुने नकाशे. “आत कोणी आहे का?” विचारलं. उत्तर आलं नाही. दार ओढून घेतलं आणि माझं निरोपाचं कुलूप पिशवीतून काढून ठोकलं. खट्! अहाहा, काय तो आवाज. आणि मग एकतीस वर्षांच्या सवयीने हातांनी आपोआप जे केलं, ते लक्षात ठेवा: कुलपाची चावी हिरव्या बिल्ल्याला बांधली आणि बिल्ला दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. कारखान्यात उत्तीर्ण कुलपाची चावी तशीच ठेवायची असते.

“आजोबा,” नात उठून म्हणाली, “पण आत...”

“वर्गात मध्येच बोलायचं नाही. काही म्हणायचं असेल त्याने अर्ज लिहायचा. मी क्रमाने निकालात काढेन.”

हा नियम मी सगळ्यांनाच लावला. पाणी प्यायचंय? अर्ज. बाहेर जायचंय? अर्ज. बाईंच्या काळात दर मिनिटाला कोणीतरी उठून काहीतरी सांगत असे, ते एकदम थांबलं. वर्गात काय शांतता पसरली! सगळी डोकी खाली घालून लिहीत होती. मी घड्याळ पाहिलं आणि तक्त्यात पूर्ण गुण देऊन टाकले.

पाच मिनिटांनी पहिलीतल्या एकाने मान वर करून विचारलं, “आजोबा, ‘शू’ कसं लिहायचं?”

मी फळ्यावर लिहून दाखवलं. त्याने जीभ बाहेर काढून, रेघ सांभाळून, सुंदर अक्षरात ते उतरवलं. पण अर्ज पूर्ण होईपर्यंत विषयच संपला होता. पुसायला फडकं कुठे असतं ते मला ठाऊक नव्हतं. जवळ माझे कोरे तक्ते होते. चौसष्ट रकान्यांचा कागद पाणी चांगलं शोषतो, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

मी खाली वाकून पुसत होतो तेव्हा वर बाजार भरला होता. झालं असं, की मुलांना लाल बिल्ले भयंकर आवडले. हिरवा काय, पाल्याचासुद्धा असतो; लाल ती शान! ज्यांना मी नापास केलं होतं ती पाच मुलं छाती काढून फिरत होती आणि उत्तीर्ण झालेले रडकुंडीला आले होते. एका लालला दोन हिरवे आणि अर्धं केळं, असा भाव निघाला. चौथीत एक भोवरा आहे. त्याला गावात सगळे भोवराच म्हणतात, कारण तो एका जागी उभा राहिलेला कोणी पाहिलेला नाही. त्याच्या गळ्यात नऊ वाजेपर्यंत चार बिल्ले जमले.

इकडे नाड्यांचा प्रश्न उभा राहिला. एकाची नाडी सुटली, तो आला, पाय पुढे केला. मी म्हटलं, “स्वावलंबन! आपली नाडी आपण बांधायची.” त्याने बांधली. प्रामाणिकपणे बांधली. शेजाऱ्याच्या बुटाला. दोघं फळ्याकडे यायला निघाले आणि वाटेत तिसऱ्यावर पडले. एकाचा दात हलत होता, तो या धक्क्याने पडला. दात पडलेला खूश झाला, बाकीचे दोघं रडायला लागले, आणि ते पाहून जुळ्या बहिणींनी काही कारण नसताना सूर लावला. मी “शांतता!” असं ओरडलो. तिसरी एक दचकून रडू लागली. नाकं गळायला लागली. माझा एकच रुमाल होता. किती पुरणार?

मग मी मोजायला घेतलं. काही सुचेनासं झालं की मी मोजतो, जुनी खोड आहे. एकवीस. म्हटलं चुकलं असेल, पुन्हा मोजलं. बावीस. पुन्हा मोजलं, एकवीस. कुलपं मोजताना एक सोय असते, ती जागची हलत नाहीत. भोवऱ्याला खुर्चीवर बसवून, त्याला एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने मोजलं. एकवीस! माझे दोन नग गहाळ होते.

पण डोकं थंड ठेवायचं म्हणून मी म्हटलं, आधी हातातलं काम संपवू, अर्ज निकालात काढू, त्यातच काहीतरी कळेल. टेबलावर गठ्ठा होता. पहिले तेरा अर्ज पाणी, पेन्सिल आणि ‘लाल बिल्ला मिळणेबाबत’ होते. चौदावा नातीचा होता. अक्षर सुरेख. डावीकडे समास सोडलेला. तारीख उजवीकडे, ‘विषय’ अधोरेखित. मी मनात म्हटलं, वा, हिरवा द्यायला हवा. मग मजकूर वाचला.

‘माननीय आजोबा यांस. विषय: आत मैत्रीण आहे. अर्ज करते की, बेकरीवाल्यांची मुलगी मागच्या खोलीत झोपली आहे. ती रोज झोपते, कारण तिच्याकडे सगळे रात्री तीनला उठतात. बाई तिला दहा वाजता उठवतात. तरी कुलूप काढावे, ही विनंती. तुमची आज्ञाधारक नात.’

मी घड्याळ पाहिलं. दहाला एक मिनिट कमी होतं. पाठीमागून, त्या दारातून, टकटक ऐकू आली. मग बारीक आवाज, “बाई?” मग दाराचा खडखडाट, आणि मग रडणं सुरू झालं.

मी खिळ्याकडे धावलो. खिळा रिकामा.

“चावी कुठाय? हिरव्या बिल्ल्याची चावी कोणी घेतली?”

“चावीवाला हिरवा?” भोवरा म्हणाला. “तो माझ्याकडे होता. पाच बिल्ल्यांना घेतला होता. पण मी तो शिंपिणीच्या पोरीला दिला.”

“का दिलास?”

“तिने उकडलेलं अंडं दिलं.”

“आणि ती कुठे आहे?”

“ती गेली घरी. तिच्याकडे लाल पण होता ना. तिने वाचलं त्याच्यावर, दु-रु-स्ती-सा-ठी प-र-त. मग ती परत गेली.”

पहिलीतली पोर. जोडाक्षरासकट वाचलं, अर्थ लावला आणि आज्ञा पाळली. एवढं तर आमच्या कारखान्यातले हमालही करत नसत. मी चौथीतल्या दोघींना समोरच शिंपिणीच्या घरी पिटाळलं आणि वळलो, तर दारात एक गृहस्थ उभे. हातात हेल्मेट, काखेत फाईल.

“मी उद्या यायचा होतो,” ते म्हणाले. “पण कळवलेल्या दिवसाच्या आधी गेलं की खरं दिसतं, असा माझा अनुभव आहे. कोण रडतंय?”

साहेब! अहो, निदान गुरुवार तरी उजाडू द्यायचा.

“आत एक मूल आहे,” मी म्हणालो.

“कुलूप लावून?”

“हो.”

“कुणी लावलं?”

“मी.”

“चावी?”

“घरी गेली आहे.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, मग बाहेर जाऊन स्कूटरचा पाना घेऊन आले. पहिला घाव घातला. कुलूप हललं नाही. मी अंगणातला दगड आणून दुसरा घातला. तिसरा पुन्हा साहेबांनी. खोटं कशाला सांगू, तीन घाव पचवून ते कुलूप जसंच्या तसं लटकत राहिलं तेव्हा क्षणभर माझी छाती फुगली. लगेच आतून हुंदका आला आणि माझी मलाच लाज वाटली. एकतीस वर्षं मी लोकांच्या वस्तू आत सुरक्षित ठेवल्या. सहा वर्षांचं लेकरू आत राहील, हे कधी तपासलंच नव्हतं.

दगडाच्या आवाजाने आतली पोर जास्तच घाबरली. तेव्हा माझी नात पुढे आली आणि माझ्या हातातला दगड काढून घेतला.

“आजोबा, साहेब, तुम्ही बाजूला व्हा,” ती म्हणाली. “ठोकू नका. ती ठोकल्यावर घाबरते.”

ती दारापाशी जमिनीवर पालथी पडली आणि खालच्या फटीतून आत बोलू लागली. “ए, मी आहे. तुझा हात दे फटीतून. दिला का? हां.” मग मागे वळून म्हणाली, “भोवऱ्या, ते अस्वलाचं पुस्तक आण. हळू आवाजात वाच. बाई वाचतात तसं.”

आणि भोवरा बसला. गावात कोणी त्याला बसलेला पाहिला नव्हता, तो दाराला पाठ लावून बसला आणि वाचू लागला. अस्वलाचा आवाज जाड, उंदराचा बारीक, स्वल्पविरामाला थांबून. चौथीतल्या उरलेल्यांनी कोणी न सांगता धाकट्यांना चटईवर गोल बसवलं. एकीने फडकं आणलं. ते खिडकीमागे टांगलेलं असतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं, मला सोडून. तिने ओळीने नाकं पुसली. दात पडलेल्याला पाणी दिलं. ज्या पोराचा ‘शू’चा अर्ज होता, त्याच्याशेजारी एक मुलगा जाऊन नुसता बसला. काहीही न करता. ती पाच मिनिटं मी सोमवारी वाया गेलेल्या वेळात धरली होती.

आतलं रडणं थांबलं. थोड्या वेळाने फटीतून आवाज आला, “मग उंदीर काय म्हणाला?”

साहेब फाईल मिटून एका बुटक्या बाकावर बसले होते. गुडघे पार हनुवटीला टेकले होते, पण ते गोष्ट ऐकत होते.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. शिंपीण आली! गळ्यात मोजपट्टी, हातात कात्री, मागून लाल बिल्ला घातलेली तिची लेक.

“कुठंयत ते समितीवाले?” ती दारातूनच म्हणाली. “दुरुस्तीसाठी परत? माझ्या पोरीला? काय उसवलंय हो तिचं, जरा दाखवा मला! सव्वा महिन्यापूर्वी ही बोलतसुद्धा नव्हती परक्यांपुढे. बाईंनी रोज मांडीवर घेऊन बोलती केली. आणि तुम्ही परत पाठवता?”

“ताई, चुकलं,” मी म्हणालो. “हवं तर तो बिल्ला मला घाला. पण आधी तिच्या गळ्यातली चावी द्या.”

लाल बिल्ल्याच्या मागे हिरवा होता आणि त्याला चावी. पण लेकीने ती मुठीत घट्ट धरली. “माझं अंडं गेलंय त्यात,” ती म्हणाली. शेवटी माझ्या डब्यातली दोन्ही अंडी दिली तेव्हा सौदा पटला.

कुलूप एका फिरवणीत उघडलं. खट्! या वेळी तो आवाज मला मुळीच गोड लागला नाही.

बेकरीवाल्याची पोर डोळे चोळत बाहेर आली. गळ्यात पिवळा बिल्ला, गालावर चटईची नक्षी. तिने आधी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग साहेबांकडे. “बाई कुठंयत?” तिने विचारलं. कोणी काही बोलायच्या आत तिने उजवा पाय पुढे केला. नाडी सुटली होती.

मी खाली बसलो आणि बांधली. मग डावीही बांधली. मग नाक पुसलं. एवढ्याला तीन मिनिटं लागली असतील. मी मोजली नाहीत.

उठलो तर साहेबांनी हात पुढे केला होता. “समितीचा अहवाल?”

अहवाल खिशात होता. शंभरपैकी एक्केचाळीस, खाली माझी सही. समोर नात उभी होती. नुसती त्या खिशाकडे पाहत होती. मी कागद बाहेर काढला, टेबलावरचा एक लाल बिल्ला उचलला आणि त्याला अडकवून साहेबांच्या हातात दिला.

“साहेब, मी तपासलेला माल आयुष्यात कधी परत मागवला नाही. आज मागवतो. मोजणारा चुकलाय. शाळेत खोट नाही.”

साहेबांनी कागद वाचला. “‘शिक्षिका विनाकारण मागील खोलीत’,” ते वाचून मागच्या दाराकडे बघत राहिले. मग कागदाची घडी घालून मला परत केला. आपल्या फाईलमध्ये त्यांनी स्वतः दोनच ओळी लिहिल्या आणि मला दाखवल्या. ‘शिक्षिका आज बाहेरगावी. मुलांकडून बाईंचे काम व्यवस्थित चालू आढळले. शाळा चालू ठेवावी.’

“आणि माझ्याबद्दल?” मी विचारलं. राहवत नाही हो.

“तुमच्यासाठी रकाना नाही,” साहेब म्हणाले आणि हेल्मेट घालून निघाले. फाटकापर्यंत गेले, परत आले आणि भोवऱ्याला विचारलं, “अस्वलाचं पुढे काय झालं?” भोवऱ्याने शेवट सांगितला, तेव्हा गेले.

दुपारी जुळ्यांपैकी एक डबा पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिली. काही केल्या खाईना. समजावलं, दटावलं, उपयोग नाही. माझं अडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी मुकाट्याने खण उघडला आणि निळी वही काढली.

प्रत्येक मुलाला एक पान. ‘जुळी, थोरली: बहिणीकडे पाठ करून बसवावे, मग खाते.’ बसवलं, खाल्लं. मी पानं उलटत गेलो. ‘बेकरी: दहापर्यंत झोपू द्यावे. गणित दुपारी घ्यावे, तेव्हा सगळे येते. डाव्या पायाला फोड.’ ‘भोवरा: वाचायला दिले की थांबतो.’ ‘शिंप्यांची: जे लिहिले असेल ते खरे मानते. जपून लिहावे.’ माझ्या नातीचं पान आलं. ‘बस लागते. घरी आजोबांना बरे वाटावे म्हणून पाढे पाठ करते. तिला आवडते ते चित्र.’ तिने खिडकीबाहेर काय पाहिलं असेल, ते मला आता कळलं. हे पान मी दोनदा वाचलं. चष्मा पुसावा लागला.

शेवटच्या पानावर चोविसावी नोंद होती. मी म्हटलं, मुलं तर तेवीसच आहेत.

‘समितीचे आजोबा: मन चांगले. घरी करमत नाही. आले की काहीतरी मोजायला द्यावे. शांत बसतात.’

चारच्या बसने बाई आल्या. घामाघूम, हातात प्रशिक्षणाची पिशवी. मुलं त्यांच्या अंगावर पडली आणि सगळी एकदम बोलायला लागली. कोणीही अर्ज केला नाही. बाईंनी सगळं ऐकलं, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं. माझे केस उभे होते, एका गुडघ्यावर ओल होती आणि गळ्यात शिंपिणीने खरोखरच घातलेला लाल बिल्ला होता. बाईंना सगळं कळलं असावं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त कपाटातून डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

“आजोबा, एवढे खडू मोजून देता का? मला मेलीला मेळच लागत नाही.”

आता यावर मी काहीतरी बाणेदार बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण डबा समोर होता, दिवस फार मोठा गेला होता, आणि खडू कसे, जागचे हलत नाहीत. बसलो मोजत. नात शेजारी बसून चित्र काढत होती.

एकशे एक्क्याऐंशी भरले. सोमवारी एकशे सत्याऐंशी होते. सहा खडूंचा तपास मी उद्या नऊला येऊन करणार आहे. बाई म्हणाल्या, अवश्य या.